व्हरांड्यातले विद्यार्थी : ऑनलाइन वर्ग आणि न जुळणाऱ्या फोनांचा इतिहास

१

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली. तेथून पुढच्या दोन वर्षांचा इतिहास आता लिहिला जाऊ लागला आहे. त्यात रुग्णालये आहेत, मजुरांची पायपीट आहे, स्मशानांतील रांगा आहेत. शिक्षणाविषयीचा मजकूर मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो : 'शिक्षण ऑनलाइन झाले आणि ज्यांच्याकडे साधने नव्हती ते मागे पडले.' हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. मागे पडलेल्यांत एक मोठा समूह असा होता की ज्याच्या हातात साधन होते. फोन होता, रिचार्ज मारलेले होते, वर्गाची लिंकही आलेली होती. तरीही वर्गाचे दार उघडले नाही. त्यांचा फोन वर्गाशी जुळला नाही.

प्रस्तुत लेखक चोपड्यात शिकवतो. त्याच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. जे विद्यार्थी त्या काळात 'गैरहजर' ठरले त्यांच्यापैकी अनेकांना तो नावानिशी ओळखतो. या विद्यार्थ्यांची नोंद 'साधनहीन' म्हणूनही झाली नाही, कारण सर्वेक्षणात 'घरात मोबाइल आहे काय?' या प्रश्नाला त्यांच्या घरून 'आहे' असेच उत्तर गेले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार ग्रामीण भारतात संगणक असलेली कुटुंबे ४.४ टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के होती. हे आकडे भीषण आहेत. परंतु त्या १४.९ टक्क्यांतही कोणाच्या फोनवर कोणती आवृत्ती चालत होती, हे कोणी मोजले नाही. म्हणून या न मोजलेल्यांचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

२

हा इतिहास २०२० मध्ये सुरू होत नाही. ज्ञानाचे दार कायद्याने उघडे आणि व्यवहारात बंद, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारने नाकारले नाही. पण एका मुलासाठी प्रवेशाचा आग्रह धरला तर शाळा बाकी साऱ्यांसाठी निरुपयोगी होईल, अशी भूमिका घेऊन हस्तक्षेप टाळला. पुढे १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. कागदावर प्रश्न मिटला. वर्गात मात्र अस्पृश्यांची मुले त्यानंतरही कित्येक दशके व्हरांड्यात बसत राहिली.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तो घाम गाळणाऱ्यांची मुले प्राथमिक शाळेलाही पारखी राहतात, हा त्यांचा मुद्दा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. ठराव आणि पाणी यांच्यामधले अंतर ठरावाने आपोआप कापले जात नाही, हा महाडचा धडा आहे.

आणखी एक गोष्ट येथे आठवली पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गात वेगळे बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा असे. शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. शाळेतल्या इतरांची बसण्याची सोय ही शाळेची जबाबदारी होती. अस्पृश्य मुलाची सोय ही त्याची स्वतःची. 'बसायचे साधन तुझे तू घेऊन ये', हा नियम तेव्हा एका जातीला लावला गेला. २०२० मध्ये तो सर्वांनाच लागला. फरक एवढाच की काहींच्या घरी गालिचे होते आणि काहींच्या घरी गोणपाट.

३

चोपडा तालुका तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. रेल्वे तापीच्या दक्षिणेकडून अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ अशी गेली. चोपड्याला रेल्वे आली नाही. १९४५ च्या सुमारास अमळनेरला आणि जळगावला महाविद्यालये उभी राहिली, तेव्हा इकडच्या मुलाला पदवीसाठी नदी ओलांडावी लागे. पुढे चोपड्यातच महाविद्यालय झाले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि परीक्षेच्या प्रत्येक कागदासाठी पुण्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही. या दोन घटनांनी येथील महार, मांग, चर्मकार, भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांतील मुलामुलींची पहिली पिढी पदवीपर्यंत आणली. अंतर कमी होणे म्हणजे काय, हे या पिढीने पायांनी अनुभवले आहे.

'जुळणे' आणि 'न जुळणे' हेही खान्देशला नवीन नाही. याच जिल्ह्यात पाचोरा ते जामनेर अशी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी धावत असे. पाचोऱ्याला मोठी लाईन साडेपाच फुटांची. दोन्ही रेल्वेच, पण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. जामनेरच्या माणसाने पाचोऱ्याला उतरायचे, गाठोडे डोक्यावर घ्यायचे आणि दुसरी गाडी गाठायची. रुळांचे माप कोणी तरी दूर बसून ठरवतो आणि उतरण्याचा त्रास प्रवाशाच्या वाट्याला येतो. २०२० च्या टाळेबंदीत ती छोटी गाडीही थांबली.

याउलट रेडिओचे उदाहरण पाहा. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचा कार्यक्रम कोणत्याही बनावटीच्या, जुन्या संचावरही लागत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. त्यातील इंग्रजी आमच्या वस्तीला परकी होती, हा दोष होताच. परंतु संच जुना आहे म्हणून कार्यक्रम दिसणार नाही, असे त्या काळी कोणाला ऐकावे लागले नाही. एकच लहर सर्वांच्या दारात येत होती. ऑनलाइन वर्गाचे तसे नव्हते. त्याची लहर दारात येऊन आधी विचारत होती : तुझी आवृत्ती कोणती?

४

आता प्रत्यक्ष घडले ते पाहू.

एप्रिल २०२० मध्ये राज्याने शालेय विद्यार्थ्यांसाठी 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही अभ्यासमाला चालवली. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली. शाळेच्या मुलाला निदान दूरचित्रवाणीचा आधार मिळाला. महाविद्यालयांकडे तशी वाहिनी नव्हती. तेथे ज्याला जे सुचेल ते झाले : कोणी झूम, कोणी गुगल मीट, कोणी केवळ व्हॉट्सॲप. एकाच विद्यार्थ्याला तीन विषयांसाठी तीन वेगळी ॲपे लागू लागली आणि फोनमध्ये जागा एकालाही नव्हती.

आमच्या भागातल्या फोनांच्या ढोबळ मानाने तीन जाती होत्या. जात हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे.

पहिली, नवा अँड्रॉइड फोन. तो बहुधा नोकरदाराच्या किंवा बागायतदाराच्या घरात. दुसरी, जुना अँड्रॉइड फोन : थोरल्या भावाने किंवा चुलत्याने वापरून दिलेला, नाही तर बाजारातून सेकंडहँड घेतलेला. तिसरी, जिओफोन. २०१७ मध्ये तो १,५०० रुपयांच्या परताव्याच्या ठेवीवर आला आणि मजुराच्या खिशात प्रथमच इंटरनेट आले. त्याचे हे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्याची मूळ प्रणाली अँड्रॉइड नव्हती. ती काइओएस होती. त्यावर २०१८ पासून व्हॉट्सॲप चाले, यूट्यूब चाले. झूम मात्र त्यावर कधी आलेच नाही. पडदा २.४ इंची. घरात 'इंटरनेटचा मोबाइल' होता, पण त्या मोबाइलसाठी वर्ग बांधलेलाच नव्हता.

दुसऱ्या गटाची कथा अधिक वेदनादायक आहे. कारण तेथे आज उघडलेले दार उद्या बंद होत असे. एप्रिलमध्ये झूमच्या बैठकांत अनोळखी माणसे घुसून धिंगाणा घालू लागली. १६ एप्रिल रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने हे साधन सुरक्षित नसल्याची सूचना काढली. कंपनीने सुरक्षितता वाढवली आणि ३० मे २०२० पासून ५.० ही नवी आवृत्ती घेतल्याशिवाय कोणत्याही बैठकीत प्रवेश मिळणार नाही, असे केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण खान्देशात त्याचा अर्थ असा झाला की नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर फोनवर 'अपडेट करा' अशी पाटी झळकू लागली. अपडेट म्हणजे डेटा. अपडेट म्हणजे रिकामी जागा. घरातल्या लग्नाचे, वारलेल्या आजीचे फोटो पुसले तर ती जागा होई. आणि सारे पुसूनही फोनमधले अँड्रॉइडच जुने निघाले, तर पडद्यावर एवढेच लिहून येई की हे ॲप तुमच्या उपकरणाशी जुळत नाही. तेही इंग्रजीत.

त्याआधी ५ एप्रिलपासून विनामूल्य खात्यांना 'वेटिंग रूम' आपोआप लागू झाली होती. विद्यार्थी लिंक दाबतो, आत येण्यासाठी थांबतो. शिक्षक शिकवण्यात गुंतलेला. नेटवर्क तुटते, विद्यार्थी बाहेर फेकला जातो, पुन्हा थांबतो. सातपुड्यातल्या पाड्यावरून टेकडीवर चढून 'रेंज' शोधणारा पावरा विद्यार्थी एका तासिकेत कितीदा तरी या खोलीत जाऊन बसे. दीडशे वर्षांपूर्वीच्या व्हरांड्याला आता भिंती नव्हत्या, एवढेच.

तोवर स्वाध्याय पाठवण्यासाठी विद्यार्थ्यांनी वहीची पाने कॅमस्कॅनरने टिपून पाठवायला शिकून घेतले होते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा देशभर झाली. त्याच यादीत कॅमस्कॅनरही होते, याची फारशी चर्चा झाली नाही. ज्याच्या घरी विचारायला कोणी शिकलेले आहे, त्याने दुसऱ्या दिवशी दुसरे ॲप घेतले. ज्याच्या घरी तो स्वतःच सर्वांत शिकलेला, त्याची पाने वहीतच राहिली.

या साऱ्याचा शेवट परीक्षेत झाला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या विद्यापीठांनी बव्हंशी ऑनलाइन, बहुपर्यायी परीक्षा घेतल्या. तीन वर्षांचा अभ्यास आणि तासाभराची फोनची जुळणी एका तराजूत तोलली गेली. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात १ जून २०२० रोजी, ऑनलाइन वर्गांच्या पहिल्याच दिवशी, नववीतील एका दलित मुलीने जीव दिला. घरचा टीव्ही नादुरुस्त होता आणि स्मार्टफोन नव्हता. मजूर बापाची ती हुशार मुलगी होती. चोपड्यापासून मलप्पुरम फार दूर आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने आपल्या वस्तीतील घरे एकदा आठवावीत.

५

वर्गात पोचलेल्यांचेही सारे सुरळीत नव्हते. त्यांच्यासाठी 'लाइव्ह चॅट' हा नवा प्रदेश होता आणि त्याचा इतिहास दुहेरी आहे.

आमची मुले वर्गात गप्प का बसतात, हा प्रश्न प्रस्थापित प्राध्यापक नेहमी विचारतात. अहिराणी किंवा पावरी घरातून आलेल्या, 'ण'चा 'न' करणाऱ्या मुलाने तोंड उघडले की मागच्या बाकावरून हसू येते, हे त्याचे उत्तर. चॅटमध्ये उच्चार नसतो. वर्गात वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलींनी चॅटमध्ये नेमके प्रश्न विचारले, हे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. ही त्या माध्यमाची मोठी देणगी होती.

पण त्याच पडद्यावर प्रत्येक प्रश्नाच्या वर विचारणाऱ्याचे आडनाव ठळक अक्षरांत उमटत होते. आणि प्रश्न मराठीत विचारायचा तर देवनागरी कळफलक हवा. तो नसला की रोमन अक्षरांत मराठी लिहायची. ती वाचणाऱ्याला शुद्धलेखनाचा नवाच दंडुका मिळे. जुन्या फोनांवर कधी देवनागरीची जोडाक्षरे फुटत, कधी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत.

हाही 'न जुळण्या'चाच भाग आणि त्याचे मूळ बरेच मागे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आपली छपाई, आपले प्रश्नसंच, आपल्या नोट्स कित्येक वर्षे शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या टंकांत अडकून राहिल्या. ज्या संगणकावर तो टंक नाही तेथे ती मराठी म्हणजे निरर्थक चिन्हांची रांगोळी. चळवळीतील कितीतरी स्मरणिका आणि व्याख्याने अशा धारिकांत आज बंदिस्त आहेत. टाळेबंदीत शिक्षकांनी आपल्या जुन्या नोट्स मुलांना पाठवल्या, तेव्हा अनेकांच्या फोनवर ही रांगोळीच पोचली. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यासमोर ही अडचण जवळपास आली नाही. भाषेची उतरंड यंत्रात अशी उतरते.

६

येथे दोन आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला : यात जातीचा काय संबंध? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला चोपडा कोठे आहे हेही माहीत नाही. हे खरे आहे. धारवाडच्या शाळेने मुलाला ओळखून नाकारले. झूमने किंवा गुगलने कोणालाही ओळखून नाकारले नाही. येथे द्वेष नव्हता, उपेक्षा होती, आणि दोहोंतला फरक आपण पुसता कामा नये. पण उपेक्षा कोणाच्या वाट्याला येते, हे पूर्वीच ठरलेले असते. केळीच्या मळ्यात सालदारकी कोणाकडे, गावकुसाबाहेरची वस्ती कोणाची, नेटवर्कच्या सावलीतला पाडा कोणाचा, घरातला एकुलता फोन बापाबरोबर ऊसतोडीला जातो तो कोणाच्या घरचा, याची उत्तरे बाजाराने दिलेली नाहीत. ती जातिव्यवस्थेने कधीच देऊन ठेवली आहेत. बाजार त्यावर फक्त आवृत्तीचा क्रमांक लावतो. या रांगेत कोरडवाहू कुणबी आहे, तडवी मुसलमानही आहे. फुल्यांनी शूद्रातिशूद्रांचा प्रश्न एकत्र मांडला, तो याचसाठी.

दुसरा आक्षेप अधिक कसोटीचा आहे, कारण तो आपल्याच माणसांकडून येतो : 'दोनचार मुलांचे फोन चालत नाहीत म्हणून साऱ्या वर्गाचे तास थांबवायचे काय?' हा प्रश्न ज्याने त्याने १८५६ च्या भूमिकेशेजारी ठेवून वाचावा. एका मुलासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल, हीच ती भाषा. तिचे उत्तर तास थांबवा असे नाही. सर्वांत जुना फोन घेऊन आलेला विद्यार्थी हे वर्गाचे माप धरा, असे आहे. हे शक्य होते, कारण काही शिक्षकांनी ते तेव्हाच केले. त्यांनी व्याख्यान ध्वनिमुद्रित करून लहान तुकड्यांत व्हॉट्सॲपवर पाठवले. जिओफोनवरही ते ऐकता आले. हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो पाठवले. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक प्रत ठेवली. यातल्या कशालाही नवी आवृत्ती लागली नाही. लागली ती फक्त विद्यार्थ्याची आठवण.

आपल्या चळवळीनेही येथे स्वतःकडे पाहिले पाहिजे. १४ एप्रिल २०२० ची जयंती टाळेबंदीत आली. त्यानंतर ऑनलाइन व्याख्यानमालांचा पूर आला आणि दूरदूरचे अभ्यासक ऐकायला मिळाले. पण पुण्या-नाशकातला शिकलेला दलित ज्या पडद्यावर बाबासाहेबांविषयी बोलत होता, तो पडदा त्याच्याच गावच्या वस्तीत उघडत नव्हता. याची खंत किती सभांत व्यक्त झाली? आपल्यातही आवृत्त्या पडू लागल्या आहेत.

७

ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये पुन्हा उघडली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीमुळे दुर्बल घटकांतील मुलांच्या शिक्षणाच्या हक्काला बाधा येत असल्याचे नमूद केले. तेव्हा प्रश्न संपला असे अनेकांना वाटले. तो संपलेला नाही. प्रवेश पोर्टलवर, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, परीक्षेचा अर्ज संकेतस्थळावर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. दुसरीकडे जुने फोन एकेक करून बाहेर पडत आहेत : ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.० पूर्वीच्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप बंद झाले. २०२४ मध्ये काइओएस फोनांवर ते नव्याने घेणे थांबले. टाळेबंदीत ज्या एका दारातून जिओफोनवाला विद्यार्थी आत आला होता, तेच दार आता लावले गेले आहे.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे केल्या पाहिजेत. सरकारने किंवा विद्यापीठाने कोणतेही पोर्टल, कोणतेही ॲप सक्तीचे करण्यापूर्वी ते किती जुन्या फोनवर चालते हे जाहीर करावे आणि त्याखालच्यांसाठी कागदाचा मार्ग खुला ठेवावा. हजेरी आणि गुण ॲप उघडण्यावर अवलंबून नसावेत. सर्व मजकूर युनिकोड मराठीत असावा. महाविद्यालयाची संगणक खोली संध्याकाळी उघडी राहावी आणि तिच्या वापरावर पहिला हक्क ज्यांचा फोन जुळत नाही त्यांचा असावा. आणि प्रत्येक वर्गात सत्राच्या पहिल्या आठवड्यात, कोणाकडे कोणता फोन आहे याची नोंद, त्याला न लाजवता, शिक्षकाने घ्यावी.

या मागण्या किरकोळ वाटतील. शाळेत बसण्याची जागा, तळ्यातले ओंजळभर पाणी, याही मागण्या एके काळी किरकोळच म्हटल्या गेल्या होत्या. २०२०-२१ च्या हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले आहे, त्यांतील कितीतरी जण आज केळीच्या गाड्या भरत आहेत. ते वर्गाला आले नव्हते असे नाही. ते दारापर्यंत आले होते. इतिहासात निदान एवढी दुरुस्ती झाली पाहिजे.